एकच नळी बदलायची होती

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुझा हात कोपरापर्यंतच का जातो?’ आता कोपरापर्यंतच का जातो म्हणजे काय? पुढे इंजिन आहे, मागे भिंत आहे, मधे जी फट आहे तिच्यात उंदीर शिरला तर त्याला उलट पावली बाहेर यावं लागेल, आणि तिथे मी, साठीला टेकलेली बाई, गालाला ग्रीस फासून आडवी पडलेय, एक पाय भांडी घासायच्या सिंकमध्ये, दुसरा कुठे आहे ते मलाच माहीत नाही, आणि आमचे हे वरून बॅटरी धरून उभे. बॅटरी नटावर धरायची की बायकोच्या डोळ्यांत, एवढं तरी कळावं की नाही माणसाला? बरं, हे सगळं कशासाठी? तर एका नळीसाठी. तुम्हाला सांगते, एकच नळी बदलायची होती.

थांबा, असं मधूनच ऐकून तुम्हाला काही कळायचं नाही. मुळापासून सांगते.

आमची एक होडी आहे. शिडाची. आता लगेच तुमच्या डोळ्यांपुढे पांढरंशुभ्र काहीतरी आलं असेल, हातात सरबताचा ग्लास, वाऱ्यावर केस वगैरे, तर ते आधी पुसून टाका. आमची होडी आमच्या लग्नाएवढी जुनी आहे आणि दोन्हींची डागडुजी चालूच असते. हे भूमितीचे मास्तर. नोकरीत असताना घेतली, सुट्टीत फिरू म्हणून, आणि सगळ्या सुट्ट्या तिला खरवडण्यात गेल्या. एक सुट्टी खरवडायची, एक सुट्टी रंगवायची, आणि रंग वाळेपर्यंत शाळा सुरू! मी तक्रार केली का? केली. ऐकली का कुणी? ते जाऊ दे.

तर हे निवृत्त झाले, आणि त्याच सुमाराला आमच्या मुलीला मुलगा झाला. ती राहते लांब, इथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली गेलात की एक बंदर लागतं, तिथे. रोज फोन. ‘आई, तुम्ही दोघं इकडेच राहायला या ना, शेजारच्या गल्लीत घर बघितलंय, तळमजल्याचं.’ तळमजल्याचं, हं! माझे गुडघे ऐकत होते. आणि त्या फोनमधून नातू मागे असा काही हसायचा, की मी फोन ठेवल्यावर अर्धा तास कुठलंच काम धड करत नसे. मी ह्यांना म्हटलं, जाऊया. हे म्हणाले, ‘होडीचं काय?’ मी म्हटलं, विकूया.

तुम्हाला सांगते, ह्या माणसानं वर्तमानपत्राचं पान उलटलं, परत उलटलं, तेच पान. मग म्हणाले, ‘बरं. गिऱ्हाईक मिळालं तर विकू.’ ह्यांना वाटलं होतं, ह्या होडीला गिऱ्हाईक कुठून मिळतंय. पण इतकी वर्षं मास्तरांबरोबर काढलेली बाई आहे मी, गिऱ्हाईक मी शोधलं.

गिऱ्हाईक आलं. पांढरे बूट घालून. होडी बघायला येताना पांढरे बूट घालतो तो माणूस एकतर फार श्रीमंत असतो नाहीतर फार नवीन. ह्यांनी तर त्याचं नावच पांढरे बूट ठेवलं. त्यानं इथे टकटक केलं, तिथे टकटक केलं, शिडाला हात लावला, सगळं पसंत. मग इंजिनाचं झाकण उघडलं, वाकला, आणि म्हणाला, ‘हे पाणी कसलं?’

हे म्हणाले, ‘तिथून थोडं गळायचंच. थेंब थेंब गळलं पाहिजे, शास्त्र आहे ते.’

पांढरे बूट म्हणाले, ‘पण हे थेंब थेंब नाहीये.’

नव्हतंच हो. नळ सोडल्यासारखं येत होतं. मी इतके दिवस तिथे बादली ठेवत होते आणि बादलीवर फडकं टाकत होते, म्हणजे ह्यांच्या शास्त्राला लाज नको. मग तो माणूस एवढंच म्हणाला, ‘ही गळती थांबवा, मी होडी घेतो.’ मी मनातल्या मनात सामानही बांधायला घेतलं.

आता ती नळी म्हणजे काय, ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. होडीत इंजिन असतं आत. पंखा असतो बाहेर, पाण्यात. दोघांच्या मधे एक लांब दांडा. तो दांडा होडीचं बूड भेदून ज्या नळीतून बाहेर जातो, ती ही नळी. बस्स. ही नळी पिचली की समुद्र आत येतो. आणि आमची पिचली होती. हे म्हणाले, ‘साधी नळी आहे. जुनी काढायची, नवी घालायची. रविवारचं काम.’ कुठला रविवार, ते नाही सांगितलं.

होडी पाण्यातून काढायला क्रेन लागते. दुरुस्तीच्या आवारात एक क्रेनवाला आहे, त्याला दोनच शब्द येतात. ‘उचलू?’ आणि ‘ठेवू?’ त्यानं होडी उचलली, आवारात टेकूंवर ठेवली, बसली बाई कोरड्या जमिनीवर. हे खाली गेले, वर आले, खाली गेले, आणि मग बराच वेळ आलेच नाहीत, तेव्हा मी डोकावले तर हे मागच्या बाजूला उकिडवे बसून विचार करतायत.

झालं काय होतं माहितीय? नळी काढायची तर आधी दांडा काढायला हवा. दांडा मागे ओढायचा तर मधे सुकाणू आडवं. सुकाणू काढायचं तर ते खाली सरकवायला हवं. आणि खाली? खाली जमीन! होडी इतकी खाली ठेवली होती की सुकाणूला उतरायला जागाच नाही. मी म्हटलं, ‘अहो, मग जमीन काढा.’ मी आपली चेष्टेत म्हटलं. तर हे उठले आणि फावडं शोधायला गेले.

तुम्हाला सांगते, निवृत्त मास्तर, डोक्यावर टोपी, दगडाळ जमिनीत खड्डा खणतोय, आणि येणारा जाणारा विचारतोय, ‘काय, झाड लावताय?’ एकानं तर विचारलं, कुणी गेलं का म्हणून. क्रेनवाला लांबून बघत होता. खड्डा गुडघ्याएवढा झाला, ह्यांची कंबर गेली, तेव्हा तो जवळ आला आणि म्हणाला, ‘उचलू?’ म्हणजे होडीच जरा वर उचलता आली असती! मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी खड्ड्याकडे बघितलं. मग म्हणाले, ‘खड्डाही उपयोगी पडेल.’ पडला ना. दुसऱ्या दिवशी मीच त्यात पडले.

असो. सुकाणू निघालं, दांडा निघाला, आता नळी. ती नळी त्या बुडाला इतकी घट्ट चिकटलेली, की ह्यांनी हातोडा मारला तर नळी जागची हलेना आणि होडीतल्या कपाटातले माझे कप मात्र सगळे उतरून खाली आले. तेव्हा भाऊजींना बोलावलं. भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. दातांचा डॉक्टर. आता तुम्ही म्हणाल, होडीला दातांचा डॉक्टर कशाला? मीही तेच म्हटलं. तर भाऊजी आले ते आपली पेटी घेऊनच आले, त्यातला तो दांडीचा छोटा आरसा काढला, डोक्याला दिवा लावला, त्या भोकात बघितलं आणि म्हणाले, ‘हं... दादा, कीड बरीच आत गेलीय. हे आधी का नाही दाखवलंस?’

हे म्हणाले, ‘दुखत नव्हतं.’

तुम्हाला खोटं वाटेल, पण दोघं भाऊ अगदी गंभीरपणे बोलत होते. मग भाऊजींनी ते बारीक यंत्र सुरू केलं, घुर्र्र... आणि सवयीनं होडीला म्हणाले, ‘जरा झिणझिण्या येतील हं.’ मी आत होते, मीच तोंड उघडलं. नळीभोवतीनं गोल गोल कोरत, थांबत, फुंकर मारत, ‘वहिनी, पाणी द्या’, पाणी घालत, सकाळ गेली, दुपार गेली, आणि एकदम कडक असा आवाज झाला आणि नळी मुळासकट भाऊजींच्या हातात! हिरवी, काळी, चाळण झालेली. त्यांनी ती फडक्यात गुंडाळून ह्यांना दिली आणि म्हणाले, ‘आता दोन तास काही खायचं नाही.’

मी म्हटलं, चला, जुनी निघाली, नवी घालायची, सुटलो. एकच तर नळी.

पण नाही ना! नवी नळी नुसती घालायची नाही. ती सरळ घालायची. इंजिनाच्या बरोब्बर रेषेत. जरा वाकडी बसली तर दांडा घासणार, होडी थडथडणार, आणि पुन्हा गळणार. आणि रेषा म्हटल्यावर आमच्या ह्यांच्या अंगात काय संचारलं विचारू नका. शाळेतला खडू हातात आल्यासारखा चेहरा झाला. ‘दोन बिंदूंमधून एक आणि एकच सरळ रेषा जाते.’ मला म्हणतात! मी काय शाळेत गेले नव्हते? एक बिंदू इंजिन, दुसरा बिंदू बाहेर जिथे पंखा बसतो तो, आणि मधे दोरा ताणायचा. दोरा कुठला? माझ्या शिवणाच्या डब्यातला. चांगला, मजबूत, मी नातवाच्या दुपट्यासाठी ठेवला होता.

दोऱ्याचं बाहेरचं टोक धरायला भाऊजी. आतलं टोक इंजिनाच्या थाळीच्या, म्हणजे दांडा जिला जोडतात त्या चकतीच्या, मध्यावर धरायला कोण? ह्यांचा हात जात नाही, भाऊजींचं पोट जात नाही. उरलं कोण? हात मोजून बघितले तिघांचे, अगदी मनगटापासून, आणि माझी निवड झाली. आयुष्यात कधी कशात पहिली आले नव्हते.

पण माझाही हात कोपरापर्यंतच. मगाशी सांगितलं ते हेच. तेव्हा ह्यांनी काय केलं, इंजिनाचे बोल्ट काढले, पहार लावून इंजिन जरा वर उचललं, आणि खाली दोन लाकडी ठोकळे सरकवले. ‘तात्पुरते,’ म्हणाले. झाली फट, गेला हात. मी टोक धरलं. ‘हलवू नकोस.’ नाही हलवत. ‘श्वास जरा हळू घे, दोरा थरथरतोय.’ बरं, नाही घेत. दोऱ्याच्या मापानं नवी नळी बसवली, हे आरशात बघतायत, फुटपट्टीनं मोजतायत, केसाएवढं इकडे, केसाएवढं तिकडे, आणि शेवटी ती दोन डब्यांतली चिकट राळ कालवून नळीभोवती थापली. दुसऱ्या दिवशी दगड. हातोडीनं वाजवलं तर खण्ण. हे इतके खूश, की क्रेनवाल्याला बोलावून रेषा दाखवली. तो वाकला, बघितलं, मान डोलावली. त्याला तिसरा शब्द येत असता तर नक्की म्हणाला असता.

मग ठोकळे काढले. इंजिन खाली आपल्या जागेवर ठेवलं. दांडा घातला.

दांडा वर, इंजिन खाली.

मिळेचना! चांगलं दोन बोटांचं अंतर. हे एकदा आत बघतायत, एकदा बाहेर, पुन्हा आत. भाऊजींनी आरसा काढला, आरशातही तेच. आणि मग ह्यांचा चेहरा हळूहळू असा उतरत गेला... तुमच्या लक्षात आलं ना? रेषा कुठून काढली होती? इंजिनापासून. इंजिन कुठे होतं? ठोकळ्यांवर! अहो, चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, आधी बिंदू नीट घ्या, मग रेषा काढा, आणि स्वतः बिंदू उचलून ठोकळ्यावर ठेवला आणि त्यातून जगातली सगळ्यात सरळ रेषा काढली. आणि ती आता दगड झाली होती.

मी हसले का? हसले. उशीत तोंड खुपसून हसले. आणि हे काय म्हणाले असतील? ‘तुझ्या हातासाठीच उचललं होतं ते.’ म्हणजे चूक कुणाची? माझ्या हाताची.

दोन दिवस काम ठप्प. भाऊजी म्हणाले, पुन्हा उपटूया. हे म्हणाले, ‘पुन्हा कोरलं तर बूडच राहणार नाही.’ तिकडे पांढऱ्या बुटांचा फोन, ‘झालं का?’ मुलीचा फोन, ‘ते घर धरून ठेवू ना?’ आणि हे खुर्चीत बसून भिंतीकडे बघतायत. मला राग यायला हवा होता, पण मला वाईट वाटायला लागलं. इतकी वर्षं ह्या माणसाची रेषा कधी चुकली नव्हती, आणि चुकली तीही इतकी सुंदर, की पुसवत नाही.

तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता मी म्हटलं, ‘अहो, नळी हलत नाही ना? मग इंजिन हलवा. ते ठोकळ्यांवर सुखात बसलं होतं की. तिथेच राहू दे.’

हे म्हणाले, ‘ठोकळे तात्पुरते होते.’

मी म्हटलं, ‘आपली होडीपण तात्पुरतीच घेतली होती.’

कप तसाच ठेवून गेले. ठोकळ्यांच्या जागी चांगले जाड लाकडी ओंडके कापून, राळेत बसवून, कायमचे केले, इंजिन वर चढवलं, दांडा घातला आणि तो इंजिनाच्या थाळीला असा जाऊन भिडला, की नुसत्या बोटानं ढकलला तर पंखा गिरकी घेई. बोल्ट आवळायला अर्थात माझाच हात. आता इंजिन वर आल्यामुळे त्याचं झाकण बसेना, झाकण म्हणजे आमची आत उतरायची पायरी, ती उंच झाली, त्यामुळे आत उतरणारा प्रत्येक माणूस आधी छपराला कपाळ टेकवतो आणि मग आत येतो. देवळात शिरल्यासारखा! पण ते किरकोळ.

‘ठेवू?’ क्रेनवाला. ठेव बाबा. होडी पाण्यात गेली. मी फटीत हात घातला, नळीच्या खालून बोट फिरवलं. कोरडं. इंजिन चालू केलं, पुन्हा फिरवलं. कोरडं! एक थेंब नाही. हे वरून विचारतायत, ‘काय गं? काय गं?’ मी नुसतं ते कोरडं बोट फटीतून वर काढून दाखवलं. ह्यांनी टोपी काढली. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, ‘सहा महिन्यांनी एकदा दाखवून जा.’

मग आले पांढरे बूट. आधी छपराला कपाळ आपटलं, मग आत आले. झाकण उघडलं, वाकून बघितलं. ‘अरे वा, थेंबसुद्धा नाही.’ हे बाजूला उभे. रेषेचं, दोऱ्याचं काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, तर तो माणूस म्हणाला, ‘छान. मला तेवढंच बघायचं होतं, बूड मजबूत आहे ना ते. तसंही मी हे इंजिन काढूनच टाकणार आहे. मागे विजेवरचं लावणार, बाहेरच्या बाहेर. दांडा, नळी सगळं कापायचं आणि भोक बुजवून टाकायचं. पुन्हा कटकट नको.’

तुम्हाला सांगते, ह्यांनी तोंड मिटलं. मग म्हणाले, ‘चालेल. तुमची होडी.’ मला शब्द दिला होता ना, म्हणून. आणि खिशातून फडकं काढून तो दांडा पुसायला लागले. दांडा स्वच्छ होता हो. चकचकीत होता. तरी पुसतायत.

मला एकदम भरून आलं. नळीसाठी कुणाला भरून येतं का? पण आलं. मी त्या माणसाला म्हटलं, ‘होडी विकायची नाहीये.’

तो म्हणाला, ‘अहो, पण तुम्हीच तर फोन केला होता!’

मी म्हटलं, ‘हो, मीच केला होता. आता मीच नाही म्हणतेय. जाताना डोकं सांभाळा.’ नाही सांभाळलं त्यानं.

तो गेल्यावर हे पायरीवर टेकले. मग हळूच म्हणाले, ‘आणि नातू?’ बघा, माझ्या मनातलं ह्यांच्या तोंडून आलं. मी म्हटलं, ‘नातवाकडे जायचंच आहे. तळमजल्याचं घर घ्यायचंच आहे. ती काय डोंगरावर राहते? बंदरात राहते. होडीनंच जाऊ.’ तर हा माणूस असा उठला, तिथेच आपलं कपाळ छपराला आपटलं, आणि तसाच हसत नकाशा काढायला गेला.

काल मुलीला फोन केला, घर धरून ठेव, आम्ही निघतोय म्हणून. तिनं विचारलं, ‘पोचाल कधी?’ मी ह्यांना विचारलं. ह्यांनी बोट ओलं करून वाऱ्यात धरलं, खूप वेळ धरलं, मग म्हणाले, इंजिन नव्यानं बसवलंय, त्याला फार ताण द्यायचा नाही, वाऱ्यावर जाऊ. मी मुलीला म्हटलं, ‘बाळा, तू आपली निवांतपणे त्याला चालायला शिकव. आम्ही पोचू तेव्हा धक्क्यावर घ्यायला तोच येईल.’